समोर येऊन सांगायचं

इंदूर, ९ जून १९९७

चि. सरोज,

दादाचे आशीर्वाद. पावणेतीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच बाजूला टाकशील, अशी मला निम्मी खात्री आहे. मुख्य बातमी पाकिटावरच लिहिणार होतो, पण मग ती तुझ्याआधी सगळ्या बऱ्हाणपूरला कळली असती. निधीचं लग्न ठरलं.

मुलाचं नाव सुजय. पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, घर राऊला, आई-वडील दोघेही शिक्षक. मराठीच आहेत, म्हणजे आपल्याइतपत, निम्मे. पाहायला आले तेव्हा मुलाने विचारलं, "खाना बनाना आता है?" निधी म्हणाली, "थोड़ा-बहुत. आपको?" तुझ्या सरलावहिनीने कपाळाला हात लावला. मुलगा मात्र मोकळेपणाने हसला, आणि मला तो तिथेच आवडला. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरू म्हणतात.

तुझी लेक तुझ्यावरच गेली आहे. हे मी तिच्यासमोर बोलत नाही, कारण तुझं नाव निघालं की ती उठून जाते. लग्नाला तुला बोलवायचं का, यावरून तिचं आणि सरलाचं चांगलंच वाजलं. "आई येणार असेल तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही," म्हणाली. त्या दिवशी ती शेजारच्या खोलीत होती, तू मारुतीरावांना बोललीस ते तिने ऐकलं होतं. "आता गेलात तर घरी परत येऊ नका." सोळा वर्षांच्या पोरीने एकदा ऐकलं ते ऐकलं. तेव्हा तेराव्यानंतर तू बऱ्हाणपूरला जावेकडे निघालीस आणि ती आमच्या दारात बॅग घेऊन उभी राहिली. आम्हाला मूलबाळ नाही. मी दार उघडलं.

आपल्या मिलच्या चाळीतली सुमन तुझ्याकडे दोन दिवस राहून आली ना, तिच्याकडून कळलं की तू रविवारी अन्न घेत नाहीस. कारण विचारलं तर म्हणालीस म्हणे, "रविवारी मी त्यांना मारलं." असं बोलू नये, सरोज. मिल बंद झाल्यापासून किती धट्टीकट्टी माणसं खचली. मारुतीराव त्यातलेच. दरीत उडी टाकायचं कुणाच्या मनात आलं तर बायको काय करणार? तू मनाला लावून घेऊ नकोस, एवढंच सांगायला हे पत्र.

बाकी माझं बरं चाललंय. अजून तीच कड्यावरची वाट लोकांना दाखवतो.

शरददादा

इंदूर, २४ जून १९९७

चि. सरोज,

तुझं कार्ड आलं. "निधीला आशीर्वाद सांग. मी येणार नाही, ती म्हणते ते बरोबर आहे." एवढंच. लहानपणी तुझ्याशी भांडायला मजा यायची, कारण तू काही झालं तरी कबूल व्हायची नाहीस. लोणच्याची बरणी फोडून मांजराचं नाव सांगितलंस, आणि आपल्याकडे मांजर नव्हतं. आता न केलेलं कबूल करून बसली आहेस, याचा मला राग येतो.

न केलेलं असं लिहून गेलो. खोडणार होतो, पण राहू दे.

तू ती जागा पाहिलीच नाहीस. त्या दिवशी तुला महूच्या पुढे येऊ दिलं नाही, तिथूनच परत आणलं. जामनखोची दरी म्हणजे काय, हे माहीत नसताना तू मनाने रोज तिथे जातेस, आणि चुकीच्या वाटेने जातेस. मी गाइड आहे. माझ्यामागून चल.

क्लबची गाडी लोकांना मोठ्या वडाखाली सोडते. क्लब म्हणजे राऊच्या पुढे रस्त्यालगतचा, मिलनंतर मारुतीराव आणि मी जिथे लागलो तो. पीथमपूरच्या कारखान्यांतले साहेब लोक, त्यांच्या बायका, सियागंजचे व्यापारी. बायकांच्या पायांत उंच टाचा. सगळ्यांना आधी चहा देतो आणि रोजचं भाषण करतो, "देखो भिया, एक लाइन में चलेंगे. बायाँ हाथ दीवार पे. फोटो जहाँ मैं रुकूँ, वहीं. सवाल भी वहीं. चलते-चलते मुझसे कोई बात नहीं करेगा." लोकांना ही शिस्त फार आवडते. क्लबचा मॅनेजर विक्रांत म्हणून तिशीतला पोरगा आहे, तो नव्या माणसांना सांगतो, "शरद काका से सीखो, क्या कंट्रोल है." कंट्रोल कसला आहे ते पुढे येईल.

पहिला थांबा लगेच येतो. वाट तिथे बैलगाडीएवढी रुंद आहे. डावीकडे उभा कातळ, उजवीकडे गवत, आणि गवताच्या पलीकडे काही नाही. दरी दिसत नाही, नुसती खालून गार हवा येते. मी मागे वळून एकेकाचं तोंड बघतो. घाबरलेल्या माणसाचे ओठ आधी सुकतात. तसे दिसले की त्याला तिथूनच वडाखाली परत पाठवतो, आणि तोही मनातून आभार मानतो.

दुसऱ्या थांब्यावर कातळ डोक्यावर आलाय, वाकून जावं लागतं. कडेला लोखंडी पाइप रोवून दोर लावलाय. तिथे पहिल्यांदा तळ दिसतो. दोनशे हात खाली काळं पाणी, आणि समोरच्या कड्यावरून धबधबा. पावसाळ्यानंतर त्याचा आवाज एवढा असतो म्हणतात की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागतं. मी सगळ्यांना पाणी प्यायला लावतो. मारुतीराव रांगेच्या शेवटी असायचे, ते हात वर करून आकडा दाखवायचे: चौदा म्हणजे चौदा. मिलमध्येही आमचं असंच होतं. मी जॉबर, म्हणजे मागांच्या चार रांगांचा मुकादम, मी पुढे; ते विणकर, मागे.

एक सांगतो. पहिल्या महिन्यात ते तिथे बसून म्हणाले होते, "दादा, इथे दिवसभर उजेड आहे हो." पंधरा वर्षं शेडमध्ये ट्यूबलाइटखाली काढलेला माणूस. दुपारचा डबा त्या कातळाखाली खायचे आणि उरलेली पोळी माकडांना देताना त्यांच्याशी हिंदीत बोलायचे. "आराम से, भियाजी, आराम से." त्यांना तिथे मरावंसं वाटत होतं, असं मी कधी पाहिलं नाही.

तेराव्याच्या दिवशी तू मला विचारलं होतंस, "त्या रविवारी पोलोग्राउंडला का नाही गेले, दादा?" तू किती खटपट करून त्या वर्कशॉपच्या मालकाची भेट ठरवली होतीस, लेथवर घेणार होता तो त्यांना. त्यावरूनच तुमचं भांडण झालं. मी तुला म्हणालो, "त्यांचं मन कशातच उरलं नव्हतं गं." ते वाक्य मी परत घेतो. खरं काय ते लिहायला अजून एक वळण पुढे जावं लागेल, आणि तिथे वाट अरुंद आहे.

सरला ताट वाढून दारात उभी आहे, हाताने बोलावते आहे. आज इथेच थांबतो.

शरददादा

इंदूर, ६ जुलै १९९७

सरोज,

काल निधी कॉलेजातून आली, माझ्यासमोर पाटावर बसली आणि म्हणाली, "मामा, कन्यादानाला तुम्ही नि मामी बसाल ना? बाबांच्या जागी." सरला रडायलाच लागली. मी विडीचं निमित्त करून बाहेर गेलो. विडी सोडून मला चार वर्षं झाली.

बाबांच्या जागी. रात्रभर एवढंच डोक्यात होतं. उजाडल्यावर उठून हे लिहायला बसलो आहे. आता फिरवून फिरवून सांगत नाही.

मला ऐकू येत नाही, सरोज. डावा कान मिल चालू असतानाच गेला होता, उजव्याने शेवटच्या वर्षांत साथ सोडली. फटाका फुटला तर छातीत कळतं. माणसाचं बोलणं कळतं ते ओठांवरून. यात मोठं कौतुक काही नाही, आमच्या लूमखात्यात सगळेच ओठ वाचायचे. हजार माग एकदम चालत असताना तिथे कुणाला काय ऐकू येणार? वीस हातांवरून आम्ही जेवणाचे बेत ठरवायचो, साहेबांना शिव्या घालायचो, आणि साहेब मधून चालत जायचे. त्यामुळे कान कधी गेले हे आमच्यातल्या अर्ध्यांना कळलंच नाही. मिल बंद झाली, माग थांबले, आणि मला वाटलं आवाज थांबला. आठ दिवसांनी लक्षात आलं की चाळीतल्या नळाचाही आवाज थांबलाय.

सरलाला वाटतं मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो. "बायकोचं कुठल्या नवऱ्याला ऐकू येतं?" असं शेजारणींना सांगते आणि हाताने बोलावते. मीही ते चालू दिलं. क्लबात कामाला लागताना विक्रांतने समोर बसून विचारलं, "काका, आँख-कान सब ठीक?" मी म्हणालो, "एकदम फर्स्ट क्लास." पन्नाशीच्या बहिऱ्याला कोण ठेवतं कामावर?

मारुतीरावांना मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी कधी तोंडाने उच्चारलं नाही. मी पुढे, ते मागे, हे त्यांनीच ठरवलं. मागचं सगळं ते ऐकायचे आणि थांब्यावर आले की समोर उभं राहून मला सांगायचे. चालताना बोलायचं नाही, हा नियम त्यांचाच. त्यांनी लहानग्या निधीला काय शिकवलं होतं ठाऊक आहे? "मामाशी बोलायचं तर समोर जाऊन बोलावं, मोठ्यांचा मान असतो तो." पोर अजून तसंच करते. तुला वाटायचं संस्कार आहेत.

आता पोलोग्राउंडचं. त्या शनिवारी संध्याकाळी मी त्यांना म्हणालो होतो, जा, लेथचं काम पक्कं आहे, सरोज म्हणते ते ऐका. ते म्हणाले, "उद्या चौदा जण आहेत. तुम्हाला एकट्याला कसं जमेल?" मी गप्प बसलो. मी जर म्हणालो असतो, "जमेल," तर ते गेले असते. सकाळी तू त्यांना कारण विचारलंस. ते काय सांगणार तुला, की तुझा दादा ठार बहिरा आहे? त्यांनी ते तुझ्यापासूनही राखलं. त्या माणसाचं मन उडालं नव्हतं. माझी नोकरी राखायला आले होते ते.

उद्या पुढचं.

शरद

इंदूर, ७ जुलै १९९७

सरोज,

दुसऱ्या थांब्यानंतर चौदा पावलांचा एक टप्पा आहे. तिथे वाट एका माणसापुरती. आता दोर आहे, तेव्हा नव्हता. त्याच्यापुढे कड्याला वळण आहे, आणि वळणानंतर वाट ओल्या दगडांवरून खाली उतरते. मी वळलो की मागच्यांना दिसेनासा होतो, आणि माझ्यामागचे चार जण माझ्यामागेच ओढल्यासारखे उतरायला लागतात. म्हणून रांग तुटायची नाही, हे महत्त्वाचं.

त्या दिवशी मागे एका बाईला चक्कर आली. ती कातळाखाली मटकन बसली. हे मला नंतर कळलं. मारुतीरावांनी तिला भिंतीशी टेकवलं, आणि आता पुढे मला थांबवणं भाग होतं. लोकांनी हाका मारल्या. सगळ्यांनी, नंतर ठाण्यात तसं सांगितलं त्यांनी, "हम सब चिल्लाए, काका ने मुड़के देखा ही नहीं." मी काय सांगितलं? "पानी का शोर था साहब." धबधब्याचा आवाज सगळ्यांनीच ऐकला होता, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही.

तू म्हणशील, माझ्यामागचा माणूस माझ्या खांद्याला हात लावू शकला असता. बाकीच्यांना तेवढं सुचलं नाही. मारुतीरावांना सुचलं असतं तरी त्यांनी ते केलं नसतं, आणि त्याचं कारण मी आहे.

ते मिलमध्ये लागले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. तुमचं लग्न नंतर झालं, मीच जमवलं. पहिल्याच दिवशी मी मागावर वाकलेलो असताना त्यांनी मागून माझ्या पाठीला हात लावला. मी दचकलो, बोटं पट्ट्यात जाता जाता वाचली. मी वळलो आणि त्यांच्या थोबाडीत मारली, सगळ्या रांगेसमोर. मग ओठ हलवून, सावकाश, एकेक शब्द शिकवला: मागून हाक मारायची नाही, ऐकू येत नाही. मागून हात लावायचा नाही, माणूस दचकतो. वळसा घालायचा, समोर यायचं, तोंड दिसलं की मग बोलायचं. हा नियम शेडमध्ये सगळेच पाळायचे. पण ते असे शिकले की पुन्हा कधी चुकले नाहीत.

कड्यावर दचकलेला माणूस कुठे जाईल, हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी वळसा घातला. भिंतीच्या बाजूने लोक चिकटून उभे होते, म्हणून बाहेरच्या बाजूने, गवतावरून. लोकांनी ठाण्यात सांगितलं, "वो खुद किनारे की तरफ़ गया, जल्दी-जल्दी, किसी का हाथ नहीं पकड़ा." ते खरंच होतं. पाहणाऱ्याला तसंच दिसलं असणार.

मला ते अचानक समोर दिसले, माझ्यापुढे दोन पावलांवर, दरीकडे पाठ करून. दम लागला होता. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "दादा, थांबा. मागं एक बाई बसलीय."

हे मी ऐकलं नाही, पाहिलं. एकेक अक्षर पाहिलं. मी मान हलवली, म्हणजे कळलं. त्यांनी हसून पाय मागे घेतला, मला वळायला जागा द्यावी म्हणून, आणि टाचेखालचं गवत मातीसकट सुटलं. मी हात पुढे केला. तो पुरला नाही.

हे त्यांचे शेवटचे शब्द, सरोज. त्यात तू नव्हतीस, भांडण नव्हतं, मिल नव्हती. मरायचंही नव्हतं. एका अनोळखी बाईला चक्कर आली होती, एवढंच होतं. हे शब्द तुझे होते, आणि मी ते पावणेतीन वर्षं माझ्याकडे ठेवले.

संध्याकाळी ठाण्यात गेलो. आधी विक्रांत मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "काका, सोच के बोलना. रास्ता बंद हुआ तो सब घर बैठेंगे." त्याला दोष देत नाही, त्याला माझ्या कानांचं माहीत नव्हतं. ठाण्याच्या साहेबांनी विचारलं, "घर में कोई टेंशन थी?" मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. मी म्हणू शकलो असतो की मला ऐकू येत नाही, ते मला सांगायला आले होते. मी म्हणालो, "मिल बंद होने के बाद से गुमसुम रहता था. सुबह घर में झगड़ा हुआ था. बीवी ने कहा था, लौट के मत आना." सकाळी वडाखाली मारुतीरावांनी मला तुमचं भांडण सांगितलं होतं, हसत. "तुमची बहीण तापलीय, दादा. संध्याकाळी जिलेबी न्यावी लागेल." त्यातलं तुझं वाक्य मी घेतलं, आणि जिलेबी गाळली.

तिथून बाहेर पडलो तेव्हा ठाण्यातल्या शिपायाने चाळीतल्या कुणालातरी सांगितलं होतं. रात्रीपर्यंत सगळ्या चाळीला माहीत झालं होतं की सरोजने नवऱ्याला मारलं.

मी तुला दोषी ठरवलं आणि तुझी मुलगी माझ्या घरी आली. तिने केलेला चहा मी रोज पितो. ती मला घरात हवीशी वाटली, हेही लिहून टाकतो, म्हणजे काही राहायला नको. तिचं मन तुझ्याकडे वळलं असतं तर ती परत गेली असती, म्हणून मी तिच्याशी तुझ्याबद्दल कधी चांगलं बोललो नाही.

येत्या रविवारी जेव. माझ्यासाठी नको, पण जेव.

शरद

इंदूर, २२ जुलै १९९७

सरोज,

तुझं उत्तर आलं नाही. मी वाटही पाहत नव्हतो, असं म्हटलं तर खोटं होईल. रोज पोस्टमनच्या तोंडाकडे बघत होतो.

क्लबात सांगितलं. विक्रांत म्हणाला, "काका, तीन सीज़न आपने लोगों को वहाँ से ऐसे ही निकाला?" मी हो म्हणालो. त्याने मला गाडीत बसवून घरी सोडलं. ठाण्यातही जाऊन नवा जबाब लिहून दिला. त्यांनी तो घेतला, पुढचं त्यांना ठाऊक.

निधीला काल सांगितलं.

दुपारी सरला स्वयंपाकघरात निवडत बसली होती, मी तिच्यासमोर पाटावर. निधी आली तेव्हा मी तिला समोर बसवलं आणि तुला लिहिलं ते सगळं, त्याच क्रमाने, सांगितलं. मध्ये एकदाच ती म्हणाली, "थांबा, बाबा काय म्हणाले ते परत सांगा." मी परत सांगितलं. तिने ते ओठांनी स्वतःशी म्हणून पाहिलं, "मागं एक बाई बसलीय." मग विचारलं, "आणि आईला हे कधी कळलं?" मी म्हणालो, पंधरा दिवसांपूर्वी. ती म्हणाली, "मी तिला तीन दिवाळ्या पत्र नाही लिहिलं, मामा." रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, पण मला बरं वाटावं असं तिला का वाटावं?

कन्यादानाला मी बसणार नाही, हे मीच सांगितलं. तिने मान हलवली. सुजयकडे आज सरला जाऊन सगळं सांगून येईल, मला त्यांच्यासमोर जायची हिंमत नाही. तारीख मोडली नाही तर कन्यादानाला कोण बसेल ते तू आणि ती ठरवा.

ती उठली आणि माझ्यामागे कपाटाकडे गेली. बॅग भरत असावी. मी समोर सरलाकडे बघत होतो. थोड्या वेळाने सरलाचे हात थांबले, ताटातले तांदूळ तसेच राहिले, आणि ती माझ्या डोक्यावरून वर बघायला लागली. तिचं तोंड बदलत गेलं. तेव्हा मला कळलं की निधी माझ्या पाठीमागे उभी आहे आणि बोलते आहे. बराच वेळ बोलत होती. मी वळलो नाही. समोर आल्याशिवाय मला कळत नाही हे आता तिला माहीत आहे, आणि तरी ती समोर आली नाही.

ती आज सकाळच्या बसने तुझ्याकडे निघाली, या पत्राच्या आधी पोचेल. मी सरलाला विचारलं, काय म्हणाली? सरला म्हणाली, "ते तुमच्यासाठी नव्हतं." तुला ती कदाचित सांगेल. सांगितलं तर मला लिहू नकोस.

शरद